बालपणीच्या जखमा आणि ‘सब्रे जमील’

इमामाकडे येणारे प्रश्न बहुधा वुजू, जकात, वारसा, निकाह-तलाक यांविषयीचे असतात. परंतु काही प्रश्न असे असतात की ते विचारणारा आधी बराच वेळ इतर गोष्टी बोलतो आणि मग खाली पाहत मूळ मुद्द्यावर येतो. तो चाळिशीला आलेला असतो, स्वतः मुलाबाळांचा बाप असतो. लहानपणी बापाने पट्ट्याने मारलेले, उस्तादाने सर्वांसमोर उघडे करून उभे केलेले, एखाद्या नातलगाने ज्याचा उच्चारही करवत नाही असे काही केलेले त्याला अजून विसरता येत नाही. मग तो विचारतो, “मौलाना, मी पाच वेळा नमाज पढतो. तरीही मनातून हे जात नाही. मी सब्र करण्यात कमी पडतो आहे का? माझ्या ईमानमध्ये काही खोट आहे का?”

या प्रश्नाला सहसा तयार उत्तर दिले जाते: सब्र करा, माफ करा, विसरून जा, आईबापांविषयी असे बोलू नये. यातील प्रत्येक शब्द आपल्या दीनमधून आलेला आहे, आणि तरीही हे उत्तर अपुरे आहे. कारण त्यात सब्र म्हणजे मौन, माफी म्हणजे विस्मरण आणि आज्ञाधारकपणा म्हणजे सत्याचा इन्कार असे तीन अर्थ न सांगता गृहीत धरलेले असतात. कुरआन आणि सुन्नत यांना हे अर्थ मान्य आहेत का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

जखम कशाला म्हणतात?

बालपणीच्या आघाताला आपल्या घरांत फारसे नाव दिले जात नाही. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ या एका वाक्याने विषय मिटवला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्येही त्यात होती. दर तीन मुलांपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसला होता, आणि कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना आईवडिलांनीच मारले होते.

अशा अनुभवांचे पुढे काय होते, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. १९९५ ते १९९७ या काळात कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले. डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट आंडा यांनी १९९८ साली त्याचे निष्कर्ष मांडण्यास सुरुवात केली. मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, घरातील व्यसन, आईला होणारी मारहाण अशा अनुभवांची संख्या जितकी अधिक, तितके मोठेपणी नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न, व्यसने, इतकेच नव्हे तर हृदयविकाराचे प्रमाणही अधिक आढळले.

याचे कारण समजण्यासारखे आहे. मूल ज्यांच्या आधाराने जगते त्यांच्यापासूनच त्याला भय वाटू लागले, तर पळून जायला त्याला जागा नसते. त्याचे शरीर सतत सावध राहायला शिकते. पुढे धोका टळतो, पण शरीराची सवय टळत नाही. दार जोरात आपटले की छाती धडधडते, कोणी आवाज चढवला की जीभ अडखळते, पत्नीने साधी गोष्ट विचारली तरी ती दोषारोपासारखी ऐकू येते. कोणी सतत सर्वांना खूश ठेवत झिजतो, तर कोणी क्षणात भडकतो आणि मग स्वतःलाच दोष देतो.

सर्वच जखमा मारहाणीच्या नसतात. कोकणातील अनेक घरांत बाप वर्षानुवर्षे आखाती देशांत राहिला आणि मुलाच्या वाट्याला तो पाहुण्यासारखा आला. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत ज्यांनी बालवयात जळणारी घरे पाहिली, ती मुले आज चाळिशीत आहेत. तेथे दोष घरच्यांचा नसतो, तरी ओझे मुलालाच वाहावे लागते.

इमाम म्हणून आणखी एक परिणाम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्याने घरात केवळ दरारा पाहिला, त्याला अल्लाहची रहमत हा शब्द ऐकू येतो, पण जाणवत नाही. दुआसाठी हात उचलताना त्याला आतून वाटत असते की, आपल्याला झिडकारलेच जाणार. अशा माणसाला आम्ही खुत्ब्यात केवळ अजाबच सांगत राहिलो, तर आम्ही त्याच्या जुन्या भीतीलाच दीनचे नाव देतो.

रडणारे प्रेषित

‘सब्रे जमील’, म्हणजे सुंदर संयम, हा शब्द कुरआनात ह. याकूब (अ.) यांच्या तोंडी आला आहे. यूसुफ (अ.) यांच्या भावांनी खोट्या रक्ताने माखलेला सदरा आणून दाखवला, त्या वेळी त्यांनी तो उच्चारला (सूरह यूसुफ, आयत १८). आपण सहसा येथेच थांबतो. पण त्याच सूरहमध्ये पुढे, अनेक वर्षांनंतर, हेच याकूब (अ.) मुलांकडे पाठ फिरवून यूसुफसाठी हळहळताना दिसतात, आणि दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाल्याचे कुरआन सांगतो (आयत ८४). मुले त्यांना टोकतात की, यूसुफची आठवण काढत काढत तुम्ही स्वतःचा नाश करून घ्याल (आयत ८५). ‘झाले गेले विसरा’ हा सल्ला किती जुना आहे पाहा, आणि तो देणारे कोण होते तेही पाहा. ज्यांनी जखम केली, त्यांनाच ती लवकर विसरली जावी असे वाटत होते.

याकूब (अ.) यांनी हा सल्ला मानला नाही. आपण आपले दुःख आणि व्याकुळता अल्लाहजवळच मांडतो, असे त्यांनी उत्तर दिले (आयत ८६). ज्याने सुंदर संयमाचा शब्द दिला, तोच इतका रडला की दृष्टी गेली, आणि अल्लाहने त्यांच्या संयमात उणीव काढली नाही. सब्रच्या विरुद्ध काय असेल तर अल्लाहविषयी निराश होणे आणि दुःखाच्या भरात मर्यादा ओलांडणे. अश्रू किंवा आठवण नव्हे.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बालपण आठवा. जन्मापूर्वी पित्याचे छत्र गेले. सहाव्या वर्षी अबवा येथे आई आमिना यांचा मृत्यू झाला. आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिबही गेले. प्रेषितत्व मिळाल्यानंतर, प्रौढ वयात, ते आईच्या कबरीपाशी गेले तेव्हा इतके रडले की सोबतच्यांनाही रडू कोसळले, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. मध्ये कित्येक दशके लोटली होती. जो मानव सर्वांत श्रेष्ठ, त्याच्या हृदयात सहा वर्षांच्या मुलाचे दुःख जिवंत होते. मग चाळिशीच्या माणसाने आपल्या न विसरणाऱ्या मनाला ईमानची खोट का समजावे?

विहिरीतील वचन

आता यूसुफ (अ.) यांच्याकडे वळू. सख्ख्या घरातील माणसांनी एका मुलाला विहिरीत टाकले, ही या सूरहमधील पहिली मोठी घटना आहे. त्या अंधारात, एकट्या पडलेल्या त्या मुलाला अल्लाहने कोणता दिलासा दिला? आयत १५ मध्ये आहे की, अल्लाहने त्यांना कळवले: एक दिवस तू त्यांना त्यांचे हे कृत्य सांगशील, आणि त्या वेळी त्यांना त्याची कल्पनाही नसेल.

या दिलाशाचा विचार करण्यासारखा आहे. तू हे विसरून जाशील, असे त्यांना सांगण्यात आले नाही. काही झालेच नाही असे समज, असेही सांगण्यात आले नाही. जे घडले ते खरे आहे, आणि ते बोलण्याचा दिवस येईल, हे वचन त्यांना मिळाले. पीडित मुलाची पहिली गरज नेमकी हीच असते. बहुतेक वेळा त्याला दुहेरी मार बसतो: एक कृत्याचा, आणि दुसरा ‘असे काही झालेच नाही’ या वाक्याचा.

अनेक वर्षांनी भाऊ धान्यासाठी मिस्रला आले. यूसुफ (अ.) यांनी त्यांना ओळखले, त्यांनी मात्र यूसुफना ओळखले नाही. तेव्हा लगेच गळाभेट झाली नाही. भावांची सत्यता पारखली गेली. धाकट्या भावाच्या सामानात पेला सापडल्यावर ते म्हणाले की, याने चोरी केली असेल तर याच्या भावानेही पूर्वी चोरी केली होती. हा नवा घाव यूसुफ (अ.) यांना लागला, त्यांनी तो मनातच ठेवला, हे कुरआनने नोंदवले आहे (आयत ७७). सत्तेच्या आसनावर बसलेल्या प्रेषितालाही जुन्या जखमेवरचा घाव जाणवला.

मग ती घडी आली. त्यांनी भावांना विचारले की, तुम्ही यूसुफशी आणि त्याच्या भावाशी काय वागलात ते तुम्हाला ठाऊक आहे का (आयत ८९)? विहिरीतील वचन येथे पूर्ण झाले. भावांनी आपला अपराध कबूल केला (आयत ९१). आणि त्यानंतर, आज तुमच्यावर कोणताही दोषारोप नाही, ही घोषणा झाली (आयत ९२). क्रम लक्षात ठेवावा: आधी कृत्याला नाव, मग कबुली, मग माफी. माफी सत्यावर उभी राहिली. सत्य दडपून ती मागितली गेली नाही.

माफीनंतर त्यांचे औदार्यही पाहण्यासारखे आहे. अल्लाहचे उपकार मोजताना त्यांनी तुरुंगातून सुटल्याचा उल्लेख केला, विहिरीचा केला नाही (आयत १००). भाऊ समोर होते, त्यांना पुन्हा लाज वाटू नये म्हणून, असे भाष्यकार सांगतात. म्हणजे योग्य ठिकाणी स्पष्ट बोलणे आणि काम झाल्यावर न बोलणे, या दोन्ही गोष्टी एकाच चारित्र्यात बसतात. मात्र हे मौन यूसुफ (अ.) यांनी स्वतः निवडले होते, भावांनी त्यांच्यावर लादले नव्हते.

आईबापांचा हक्क आणि सत्याचा हक्क

येथे सर्वांत अवघड प्रश्न येतो. ज्याच्यावर अन्याय आईबापांकडूनच झाला, त्याने काय करावे? आईबापांना ‘उफ’ सुद्धा म्हणू नये, हा कुरआनचा आदेश निःसंदिग्ध आहे (सूरह बनी इस्राईल, आयत २३). त्याला कोणी हलके करू शकत नाही. परंतु त्याच कुरआनने ईमानवंतांना न्यायावर ठाम राहण्यास सांगितले आहे, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध जात असली तरी (सूरह निसा, आयत १३५). आणि आईबाप शिर्कसाठी दबाव आणतील तर त्यांचे ऐकू नये, तरी या जगात त्यांच्याशी भलेपणाने वागावे, असे सूरह लुकमान (आयत १५) शिकवते.

या तिन्ही आदेशांतून मार्ग स्पष्ट होतो. वृद्ध बापाच्या औषधपाण्याची काळजी घेणे, त्याच्याशी नम्रपणे बोलणे हा त्याचा हक्क आहे. पण त्याने केलेल्या जुलमाला ‘तरबियत’ म्हणणे हा त्याचा हक्क नाही. मनात ‘ते चुकीचे होते’ असे मानणारा मुलगा नाफर्मान ठरत नाही.

दुसरा संकोच गीबतचा असतो. डॉक्टरला किंवा आलिमला घरातील गोष्ट सांगितली तर ती गीबत होईल का? अल्लाहला वाईट गोष्टीचा उघड उच्चार आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याला अपवाद आहे, असे सूरह निसा (आयत १४८) सांगते. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबतचे जे सहा अपवाद दिले आहेत, त्यांत जुलमाची फिर्याद आणि फतवा विचारणे हे दोन्ही आहेत. उपचारासाठी, न्यायासाठी किंवा दुसऱ्या मुलाला वाचवण्यासाठी बोलणे ही बदनामी नव्हे.

आणि जेथे जुलूम आजही चालू आहे, तेथे सब्रचा उपदेश हा जुलमाला हातभार आहे. जुलूम करणाऱ्या भावाला रोखणे हीच त्याची मदत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळूनही घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बसणे शरीअतमध्ये बसत नाही, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसारही तो गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. तो प्रत्येक मशिदीच्या फलकावर लावायला हरकत नसावी.

माफी आणि अंतर

माफ करणे श्रेष्ठ आहे यात शंका नाही. सूरह शूरा (आयत ४०) वाईटाचा बदला तेवढाच घेण्याची मुभा देते आणि माफ करून सलोखा करणाऱ्याचा मोबदला अल्लाहच्या जिम्मेवर आहे असे सांगते. पण ज्याचे श्रेष्ठत्व सांगितले, ते दुसऱ्याने वसूल करण्याची वस्तू होत नाही. भावांना यूसुफ (अ.) यांनी त्याच क्षणी माफ केले, याकूब (अ.) यांनी मात्र मी तुमच्यासाठी पुढे क्षमा मागेन असे म्हटले (आयत ९८). ते दुआ कबूल होण्याच्या वेळेची, पहाटेची वाट पाहत होते, असे अनेक भाष्यकार म्हणतात. कारण काही असो, दोन प्रेषितांच्या माफीची गती एक नव्हती, आणि दोन्ही अल्लाहला मान्य होत्या.

माफी म्हणजे पूर्वीसारखी जवळीक, असेही नाही. ह. हमजा (रजि.) यांना शहीद करणारे वहशी पुढे मुसलमान झाले. प्रेषितांनी (स.) त्यांचा इस्लाम स्वीकारला, कोणताही बदला घेतला नाही, पण शक्य असल्यास माझ्यासमोर येऊ नकोस, असे त्यांना सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. ज्याच्या हृदयात अवघ्या विश्वासाठी करुणा होती, त्यानेही आपल्या हृदयावर झेपणार नाही इतका भार टाकला नाही. तेव्हा एखादी स्त्री आपल्या मुलीला विशिष्ट नातलगाकडे एकटी पाठवत नसेल, तर तिला नाते तोडल्याचा दोष देऊ नये.

आणि समोरच्याने कधीच कबुली दिली नाही, किंवा तो कबरीत गेला असेल तर? मग याकूब (अ.) यांची वाट उरते: तक्रार अल्लाहच्या दरबारात. तेथे पुरावा मागितला जात नाही, कारण तो स्वतः साक्षी होता. सजद्यात खोटे सौम्य शब्द वापरण्याची गरज नाही.

उपचार हीदेखील सुन्नत

आजारावर उपचार करा, अल्लाहने म्हातारपणाखेरीज प्रत्येक आजाराचे औषध उतरवले आहे, ही हदीस आपण ताप आणि मधुमेहासाठी सांगतो. मनाचा आजार तिच्यातून कोणी वगळला? इसवीच्या नवव्या-दहाव्या शतकातील विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. भय, क्रोध, दुःख आणि मनाला छळणारे विचार यांची त्यांनी स्वतंत्र चर्चा केली. शरीरासाठी औषध आधीच घरात ठेवावे, तसे शांत वेळी चांगले विचार मनात साठवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला आजचे तज्ज्ञही मान्य करतील. ११५४ साली दमास्कसमध्ये आणि १२८४ साली कैरोमध्ये उभ्या राहिलेल्या मोठ्या शिफाखान्यांत मनोरुग्णांचीही व्यवस्था होती.

आज आघातावर खास उपचारपद्धती उपलब्ध आहेत. प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने, सुरक्षित वातावरणात, त्या आठवणीकडे हळूहळू पाहायला शिकवले जाते. त्यामुळे आठवण पुसली जात नाही, पण ती वर्तमानावर झडप घालणे कमी होते. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. जिक्र, तिलावत आणि तहज्जुद ही मनाची अन्नपाणी आहेत. ती सोडू नयेत. पण अन्न खाणाऱ्यालाही हाड मोडल्यास प्लास्टर लागते, आणि कोणी त्याच्या तवक्कुलवर संशय घेत नाही.

जखम पुढे जाऊ नये

सूरह दुहामध्ये अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) आठवण करून दिली: तुम्ही अनाथ होता, आम्ही आसरा दिला. आणि लगेच आदेश दिला: म्हणून अनाथावर जोर करू नका. स्वतःची जखम आठवावी, मिळालेला आसरा आठवावा, आणि तीच आठवण दुसऱ्याच्या मुलासाठी ढाल व्हावी. बरे होण्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

प्रेषितांच्या (स.) घरात ही ढाल दिसते. ह. अनस (रजि.) लहान वयात सेवेला आले, दहा वर्षे राहिले, आणि या काळात आपल्याला प्रेषितांनी कधी ‘उफ’ म्हटले नाही, अशी साक्ष त्यांनी दिली. आईबापांना ‘उफ’ न म्हणण्याची आयत आपण मुलांना पाठ करवतो. मुलाला ‘उफ’ न म्हणण्याची ही सुन्नत मोठ्यांनी पाठ करायला हवी.

सात वर्षांच्या मुलाला नमाजची ताकीद द्या आणि दहाव्या वर्षी मारा, या हदीसचा आधार अनेक जण घेतात. त्यात दहाव्या वर्षापूर्वी तीन वर्षांची माया आणि शिकवण आहे, हे ते सांगत नाहीत. चेहऱ्यावर नको, वळ उठता कामा नये, रागाच्या भरात नको, या फिकहच्या अटीही सांगत नाहीत. ह. आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) रणांगणाखेरीज कोणावरही हात उगारला नाही. चौदाव्या शतकातील इब्ने खल्दून यांनी आपल्या ‘मुकद्दमा’मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, शिक्षणातील कठोरपणा मुलाचा उत्साह मारतो आणि त्याला खोटेपणा शिकवतो. मकतब आणि हिफ्जच्या वर्गांतून छडी हद्दपार करण्यासाठी आपल्याला कोणत्याही नव्या विचाराची गरज नाही. आपला वारसा पुरेसा आहे.

ज्या बापांनी, मातांनी, उस्तादांनी हात उगारला आहे आणि ज्यांची मुले आता मोठी झाली आहेत, त्यांच्यासाठी दार बंद झालेले नाही. बंद्याच्या हक्काची तौबा बंद्यापाशी गेल्याशिवाय पुरी होत नाही, आणि आपले मूल हाही अल्लाहचा बंदा आहे. “बेटा, त्या वेळी मी तुझ्यावर जुलूम केला” हे एक वाक्य म्हणायला जड जाते. यूसुफ (अ.) यांच्या भावांनाही ते जड गेले असेल. पण त्यांनी ते म्हटले, आणि त्यानंतरच याकूब (अ.) यांच्या चेहऱ्यावर तो सदरा टाकला गेला व त्यांची दृष्टी परत आली.

हे अल्लाह, ज्यांची बालपणे भयात गेली त्यांच्या हृदयांना तुझ्या रहमतची ओळख दे. ज्यांनी जुलूम केला त्यांना कबुलीचे धैर्य दे. आणि आमच्या हातून आमच्या मुलांना केवळ आसराच मिळो. आमीन.